वाट पाहणारा संगणक

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम्‌हून तिरुप्पनंदाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर चोळपुरम् नावाचे एक गाव आहे. बोलताना पुष्कळ लोक या नावाचा उच्चार ‘सोळपुरम्’ असा करतात आणि मराठी कानाला ते क्षणभर आपले सोलापूरच वाटते. राजेंद्र चोळाने वसविलेली प्रसिद्ध राजधानी गंगैकोंड चोळपुरम् ती निराळी. ती कोळ्ळिडम् नदीच्या पलीकडे आहे. हे चोळपुरम् साधे, भातशेतीच्या कुशीत वसलेले गाव. कॉलेज, कचेरी, मोठा बाजार या सर्वांसाठी येथील माणसे कुंभकोणम्‌ची बस धरतात.

गेल्या मार्गशीर्षात मी येथे एका आप्त कुटुंबाकडे चार दिवस राहावयास गेले होते. हे कुटुंब तंजावरी मराठी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले व ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात दक्षिणेत आलेली कित्येक मराठी घराणी कावेरीच्या काठी कायमची स्थायिक झाली. १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मलेले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव हे याच समाजातील होत. माझ्या आप्तांच्या घरी असा काही थाट नाही. आजी, तिचा मुलगा, सून आणि कॉलेजात शिकणारी नात अशी चार माणसे. नातू कोइमतूरला नोकरीस असतो. नात मैत्रिणींशी तमिळमध्ये बोलते, प्रयोगवही इंग्रजीत लिहिते आणि आजीशी मात्र मराठीत बोलते.

पहाटेची प्रतीक्षा

आपला मार्गशीर्ष आणि तमिळांचा मार्गळी हे महिने बरेचसे एकाच सुमारास येतात. या महिन्यात भल्या पहाटे प्रत्येक घरापुढे सडा पडतो आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा कोलम काढला जातो. पहिल्याच पहाटे मला एक गंमत दिसली. नातीने उठल्याबरोबर लॅपटॉपची कळ दाबली, त्याकडे न पाहताच ती अंगणात गेली, आईबरोबर ठिपके मांडून त्याभोवती रेघा ओढल्या, हात धुतले आणि मग ती परत येऊन बसली. पडदा अजून काळाच होता.

“कोलम पुरा होतो, पण हा काही जागा होत नाही, मावशी,” ती म्हणाली. “रोजचंच आहे. साडेसहाची बस असते. त्याआधी अर्धा तास मिळतो, त्यातली सहा मिनिटं ह्याच्यातच जातात. मधेच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.” लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती, हे तिने सांगितले नाही तरी भिंतीपर्यंत ताणलेल्या तारेवरून कळत होते.

घरातील निर्णय जवळजवळ झालेला होता. वडिलांनी बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे चौकशी केली होती. त्याने यंत्र न उघडताच निदान केले: नऊ-दहा वर्षांचे यंत्र, हार्ड डिस्क गेलेली, यावर पैसा घालू नका, नवे घ्या. वडिलांचे किराणा मालाचे लहान दुकान. नवा लॅपटॉप या वर्षी जमण्यासारखा नव्हता. तेव्हा पोंगलनंतर हा मोडीत द्यावा, आणि नवा पुढच्या वर्षी पाहावा, असे ठरत होते. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मार्चमध्ये द्यावयाचा होता. मुलगी वडिलांशी वाद घालत नव्हती. परंतु तिने संगणकातील आकड्यांचे तक्ते एका वहीत हाताने उतरवून घ्यावयास आरंभ केला होता. ती वही पाहून मला वाईट वाटले.

आजी जवळच पाट घेऊन बसली होती. ती म्हणाली, “कुठं दुखतं ते विचारल्यावाचून औषध कसं ठरवलंत तुम्ही?”

मी निवृत्त होण्यापूर्वी पुण्यात तंत्रनिकेतनात शिकवीत असे, त्यामुळे या यंत्रांशी माझी थोडी ओळख आहे. आजीचे म्हणणे मला पटले. संगणकाला विचारता येते आणि तो उत्तरही देतो.

हा लॅपटॉप या घरी कसा आला?

तमिळनाडूतील असंख्य घरांप्रमाणे येथेही लॅपटॉप प्रथम आला तो सरकारी योजनेतून. १५ सप्टेंबर २०११ रोजी राज्य शासनाने सरकारी व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस विनामूल्य लॅपटॉप देण्यास प्रारंभ केला. पुढील काही वर्षांत असे लक्षावधी लॅपटॉप घरोघर गेले. या घरातील मुलाला तो २०१६ साली, बारावीत असताना मिळाला. त्या लॅपटॉपांवर विंडोजच्या जोडीला ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणालीही बसविलेली असे. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स. ‘सी-डॅक’ या केंद्र सरकारच्या संस्थेने ती तयार केली असून मराठी व तमिळ यांसह अनेक भारतीय भाषांत ती वापरता येते. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. बॉसचे काम मुख्यतः तिच्या चेन्नई केंद्रात झाले.

लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्‌स या तरुणाने लिहिला व तो सर्वांसाठी खुला केला. त्याभोवती जगभरच्या लोकांनी ज्या प्रणाली उभारल्या त्यांपैकी १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही एक जुनी व भरवशाची प्रणाली होय. बॉस ही डेबियनवरच आधारलेली आहे. लिनक्स विकत घ्यावी लागत नाही, जुन्या यंत्रावरही ती बऱ्यापैकी चालते, आणि मुख्य म्हणजे तिच्या आत काय चालले आहे ते ती लपवीत नाही. या घरातील मुलाने कॉलेजात गेल्यावर बॉस काढून मूळ डेबियन बसविली होती. त्या वेळी घरात तारेचे इंटरनेट होते. पुढे त्याला नोकरी लागली, तो गेला, आणि तारेचे इंटरनेटही बंद करण्यात आले. आता वडिलांच्या मोबाइलवरून लॅपटॉपला इंटरनेट मिळते. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. सर्व दुखण्याचे मूळ त्यातच होते.

पडद्यामागे काय चालते?

कळ दाबल्यापासून पडद्यावर आपले नाव दिसेपर्यंत संगणकात कामांची एक रांग असते. आधी यंत्रातच कोरलेली एक छोटी कार्यसूची जागी होते व यंत्राचे अवयव तपासते. ती लिनक्सच्या गाभ्याला बोलावते. गाभा स्मृती, डिस्क, कळफलक यांचा ताबा घेतो व नंतर एका व्यवस्थापकाच्या हाती कारभार सोपवितो. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत या व्यवस्थापकाचे नाव ‘सिस्टिमडी’ असे आहे. तो २०१० साली प्रथम पुढे आला आणि २०१५ साली डेबियनच्या आठव्या आवृत्तीत त्याला नेहमीचा व्यवस्थापक म्हणून स्थान मिळाले.

जुन्या पद्धतीत ही कामे बहुधा एकामागून एक होत. सिस्टिमडी जी कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत ती एकाच वेळी सुरू करून देतो. लग्नघरात आचारी, मांडववाले आणि सनईवाले आपापल्या कामास एकदमच लागतात, तसेच हे. परंतु पंगत बसविण्यापूर्वी पाने मांडलेली हवीत. तेथे थांबणे आले. त्याप्रमाणे काही कामे ‘अमुक झाल्याशिवाय मी सुरू होणार नाही’ असे सांगून ठेवतात. अशा साखळीतील एखादा दुवा अडकला, की मागची सारी मंडळी खोळंबतात. यंत्राच्या अंगी वेग असूनही ते मंद भासते.

नेटवर्कचा दुवा अडकण्याचे कारण समजण्यासारखे आहे. संगणकाला नेटवर्कवर बोलण्यासाठी एक पत्ता लागतो. हा पत्ता देण्याची जी रीत आज सर्वत्र चालते तिचे नाव ‘डीएचसीपी’. तिचा पहिला आराखडा १९९३ सालचा. १९९७ साली त्याला आजचे रूप मिळाले. या रीतीत चार निरोप असतात. संगणक आरोळी देतो, “येथे पत्ता देणारा कोणी आहे काय?” घरातील राउटर उत्तर देतो, “हा पत्ता घे.” संगणक म्हणतो, “हाच मला द्यावा.” राउटर म्हणतो, “दिला.” सर्व ठीक असेल तर हे संभाषण बहुधा काही क्षणांत संपते.

परंतु पलीकडे कोणी नसेलच तर? तर संगणक थोडे थांबून पुन्हा आरोळी देतो, पुन्हा थांबतो, पुन्हा हाक मारतो. किती वेळ हाका माराव्यात याचीही मर्यादा ठरविलेली असते. डेबियनच्या पारंपरिक मांडणीत ती मर्यादा होती तब्बल पाच मिनिटे. पाच मिनिटांनी तो निराश होऊन नाद सोडतो आणि मग उरलेली कामे झपाट्याने उरकतो.

संगणकाची जबानी

दुसऱ्या पहाटे मी मुलीला सांगितले, “आज कोलमाला जरा उशिरा जा. पडद्यावर चित्र दिसू लागले की एस्केपची कळ दाब.” तिने तसे केले. चित्राच्या जागी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर धावू लागल्या आणि एका ओळीवर येऊन थांबल्या. तिने ती इंग्रजी ओळ वाचली व आजीला मराठीत सांगितली: “नेटवर्कची दारं उघडण्याचं काम चालू आहे.” शेजारी सेकंद मोजले जात होते: एक मिनिट बारा सेकंद, एक मिनिट तेरा सेकंद, आणि त्यापुढे कमाल मर्यादा लिहिली होती, सुमारे पाच मिनिटे.

“म्हणजे हे कुणाची तरी वाट पाहत बसलंय,” आजी म्हणाली. “आणि ते माणूस तर गाव सोडून गेलंय.”

पाच मिनिटे संपली, संगणक सुरू झाला. आता लेखी पुरावा घ्यावयाचा होता. लिनक्समध्ये ‘टर्मिनल’ नावाची एक खिडकी असते; तीत आज्ञा टाइप करावयाची. आज्ञा अशी: ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ’. ती रोमन लिपीत लहान अक्षरांनी लिहावयाची. एस-वाय-एस-टी-ई-एम-डी ही सात अक्षरे, मग छोटी आडवी रेघ, मग ए-एन-ए-एल-वाय-झेड-ई ही सात अक्षरे. मधे जागा सोडावयाची नाही. उत्तर आले: गाभ्याला लागलेला वेळ सहा सेकंद, पुढील सर्व कामांना लागलेला वेळ साडेपाच मिनिटांच्या आसपास. डिस्क गेली असती तर गाभाही रखडला असता, आणि इतर कामेही ठिकठिकाणी अडखळली असती. येथे तसे नव्हते.

मग त्याच आज्ञेपुढे एक जागा सोडून ‘ब्लेम’ हा शब्द लिहिला. ब्लेम म्हणजे दोष देणे. कोणत्या कामाने किती वेळ घेतला याची यादी, सर्वांत संथ काम वर ठेवून, समोर येते. पहिल्या ओळीवर होते ‘नेटवर्किंग’, पाच मिनिटे एक सेकंद. दुसऱ्या ओळीवरील कामास अवघे नऊ सेकंद लागले होते.

येथे एक सूचना देणे अवश्य आहे. ही यादी वाचून वरच्या प्रत्येक कामावर कुऱ्हाड चालवू नये. पुष्कळ कामे एकाच वेळी चालत असल्याने त्यांच्या वेळांची बेरीज करून काही निष्पन्न होत नाही. शिवाय एखादे काम स्वतः संथ नसून दुसऱ्यासाठी थांबलेले असू शकते. यासाठी ‘ब्लेम’ऐवजी ‘क्रिटिकल-चेन’ हे शब्द लिहून तीच आज्ञा द्यावी. मग कोण कोणासाठी थांबले होते ती साखळी दिसते. आमच्या साखळीत तोच दुवा उठून दिसला.

दोन ओळींचा उपाय

मुख्य दप्तरांच्या ‘ईटीसी’ या कप्प्यात ‘नेटवर्क’ नावाचा उपकप्पा असतो व त्यात ‘इंटरफेसेस’ नावाची एक लहानशी फाइल. ती उघडली तेव्हा सर्व उलगडा झाला. मुलाने तारेच्या इंटरनेटच्या दिवसांत, कोणा मित्राच्या सांगण्यावरून, तीत दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिलीचा आशय असा: तारेचे नेटवर्क कार्ड संगणक सुरू होतानाच आपोआप चालू कर. दुसरीचा आशय: त्यासाठी डीएचसीपीने पत्ता माग. तार गेली, राउटर गेला, मुलगा कोइमतूरला गेला; ओळी मात्र राहिल्या. आज्ञाधारक यंत्र रोज पहाटे पाच मिनिटे त्या तुटलेल्या तारेवर हाका मारीत होते.

कोणतीही व्यवस्थेची फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी, हा पहिला नियम. मुलीने ‘सुडो’ आणि ‘सीपी’ या आज्ञांनी प्रत काढली. सुडो म्हणजे ‘हे काम घरधन्याच्या अधिकाराने कर’; त्यासाठी परवलीचा शब्द द्यावा लागतो. मग ‘सुडो नॅनो’ लिहून पुढे फाइलचे नाव दिले. नॅनो हा लिहिण्याचा साधा कार्यक्रम आहे. आता दोन मार्ग होते. तारेचे इंटरनेट कधीमधी वापरावयाचे असेल, तर पहिल्या ओळीतील ‘ऑटो’ हा शब्द काढून त्या जागी ‘अलाउ-हॉटप्लग’ लिहावे. मग त्या कार्डासाठी बाकीची कामे अडून राहत नाहीत. तार वापरावयाचीच नसेल, तर दोन्ही ओळींच्या आरंभी हॅशचे चिन्ह घालावे. असे चिन्ह असलेली ओळ संगणक वाचत नाही, पण ती पुसलीही जात नाही. पुढे गरज पडल्यास चिन्ह काढले की झाले. या दुसऱ्या मार्गाचा आणखी एक लाभ असा, की डेबियनमधील ‘नेटवर्कमॅनेजर’ हा कारभारी त्या कार्डाची काळजी स्वतःकडे घेऊ शकतो. याच फाइलमध्ये ‘एलओ’ या नावाच्या ओळीही असतात. संगणक स्वतःशीच बोलतो त्या वाटेच्या त्या ओळी. त्यांना हात लावू नये.

मुलीने दोन चिन्हे घातली. कंट्रोलची कळ धरून ‘ओ’ दाबले व एन्टर देऊन फाइल राखली; कंट्रोल धरून ‘एक्स’ दाबले व बाहेर पडली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. आजी मोठ्याने आकडे मोजू लागली. ती एक्केचाळिसावर असताना पडद्यावर नाव विचारणारी चौकट आली. मोबाइलचे इंटरनेटही, नाव-परवल दिल्यानंतर काही क्षणांत, नेहमीप्रमाणे जोडले गेले.

दुकानातून जेवायला आलेल्या वडिलांना मुलीने यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून दाखविले. ते घड्याळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “काय बदललं त्यात?” मुलगी म्हणाली, “काही नाही अप्पा. दादाची दोन वाक्यं झाकली.” मोडीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. नवीन बॅटरीची किंमत मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी विचारून ठेवली.

आपल्या घरी हाच अनुभव असेल तर

वाचकांपैकी ज्यांच्या घरी लिनक्स आहे, त्यांना हीच ओळ दिसेल असे नाही. विलंब नेटवर्काचाच असला तरी त्याची रूपे निरनिराळी असतात. नेहमी आढळणारी तीन येथे देते.

पहिले रूप असे. ‘ब्लेम’च्या यादीत वरच ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ हे नाव दिसते आणि त्यापुढे अर्धा मिनिट किंवा एक मिनिट असा काळ असतो. हे काम नेटवर्क जोडीत नाही. नेटवर्क जोडले जाईपर्यंत थांबणे एवढेच त्याचे काम. ज्या घरगुती लॅपटॉपवर सुरू होतानाच नेटवर्कची गरज असलेले काहीही नाही, तेथे ते बंद करण्यास हरकत नाही. ‘सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल’ असे लिहून पुढे त्या कामाचे पूर्ण नाव द्यावे व शेवटी टिंब देऊन ‘सर्व्हिस’ लिहावे. नावातील ‘नेटवर्क’चे एन व ‘मॅनेजर’चे एम ही दोन अक्षरे मोठी असतात, हे विसरू नये. याने इंटरनेट बंद पडत नाही. केवळ त्यासाठी ताटकळणे बंद होते. चूक झाली असे वाटल्यास ‘डिसेबल’च्या जागी ‘एनेबल’ लिहून पूर्वस्थिती आणता येते.

दुसरे रूप उबंटूच्या काही मांडणींत, विशेषतः सर्व्हरसाठी असलेल्या आवृत्तीत, दिसते. तेथे ‘सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ हे काम दोन मिनिटे घेते. ‘नेटप्लॅन’ नावाच्या कप्प्यातील फाइलमध्ये प्रत्येक कार्डाची नोंद असते. जे कार्ड नेहमी जोडलेले नसते, त्याच्या नोंदीत ‘ऑप्शनल’ हा शब्द, मग विसर्गासारखी दोन टिंबे, एक जागा आणि ‘ट्रू’ असे लिहावे. म्हणजे ‘हे ऐच्छिक आहे, यासाठी थांबू नकोस’. या फाइलमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागांना अर्थ असतो, म्हणून वरच्या ओळी जशा सरकवून लिहिल्या असतील तशीच ही लिहावी.

तिसरे रूप कार्यालयातून घरी आणलेल्या लॅपटॉपांचे. दुसऱ्या संगणकावरील सामायिक कप्पा आपोआप जोडण्याची सूचना ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये दिलेली असते. घरी तो दुसरा संगणक कोठून येणार? तेव्हा वाट पाहणे आलेच. त्या ओळीतील अटींमध्ये ‘नोफेल’ हा शब्द घातला, की तो कप्पा सापडला नाही तरी बाकीची कामे पुढे जातात. याच फाइलमध्ये कधी काढून टाकलेल्या डिस्कची नोंद राहून जाते. मग यंत्र नेमके दीड मिनिट थांबते, कारण सिस्टिमडीची सर्वसाधारण मर्यादा तेवढी आहे. हा विलंब नेटवर्काचा नव्हे, पण त्याचा स्वभाव तोच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रतीक्षा ही स्वतः काही वाईट गोष्ट नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत जेथे विद्यार्थ्यांच्या फाइली मध्यवर्ती संगणकावर असतात, किंवा रुग्णालयात जेथे नोंदी दुसऱ्या यंत्रावरून येतात, तेथे नेटवर्क जुळण्यापूर्वीच पुढे गेलेला संगणक अर्धवट कामाचा ठरेल. अशा ठिकाणी ही कामे व्यवस्थापकाला विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आणि ज्या घरी ‘ब्लेम’च्या यादीत डिस्कचीच नावे दिसत असतील, गाभ्यालाच मिनिट लागत असेल, किंवा यंत्रातून टकटक आवाज येत असेल, तेथे दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे असण्याचा संभव आहे, तेथे आधी आपल्या फाइलींची दुसरीकडे प्रत काढून ठेवावी.

हे सारे इंग्रजीतून शिकावे लागेल अशी धास्ती कोणी बाळगू नये. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सच्या प्राथमिक आज्ञांचे ध्वनिचित्रपाठ तयार केले असून ते मराठीत आहेत, तमिळमध्येही आहेत. टर्मिनल, सुडो, फाइलची प्रत काढणे हे त्यांतून घरबसल्या शिकता येते.

अखेरच्या पहाटे

निघण्याच्या दिवशी मी लवकर उठले. बाहेर धुके होते, कोठल्याशा देवळातून ध्वनिवर्धकावर भजन ऐकू येत होते. मुलगी यंत्रापाशी बसून आकड्यांचा तक्ता पुरा करीत होती. तिने हाताने उतरवीत आणलेली ती वही उशाशी होती. तिच्या मागच्या पानांवर आता तिने वरील आज्ञा ओळीने लिहून ठेवल्या होत्या, प्रत्येक आज्ञेपुढे तिचा अर्थ. शेजारच्या दोन घरांतही असेच सरकारी लॅपटॉप असून ते कपाटावर धूळ खात पडले आहेत, असे तिने सांगितले. त्यांतील एक रविवारी पाहावयाचे तिने ठरविले होते.

“तो खरंच बिघडलेला असला तर?” मी विचारले.

“असेल,” ती म्हणाली. “पण आधी विचारून तर बघीन.”

अंगणातून आईने हाक मारली. मुलगी पिठाचे भांडे घेऊन कोलम काढावयास गेली. लॅपटॉप चालूच होता. त्या पहाटे तो आधी जागा झाला होता.